काळसर फटींतले तेजस्वी ठिपके मोजताना

सूर्याच्या पृष्ठभागावरील सर्वांत लहान चुंबकीय रचना नेमक्या किती तेजस्वी असतात, हा प्रश्न मी संशोधनाच्या पहिल्या वर्षी हाती घेतला, तेव्हा त्याचे उत्तर एका आकड्यात मिळेल अशी माझी समजूत होती. निरीक्षणे घ्यायची, चुंबकीय क्षेत्र जिथे आहे तिथला प्रकाश मोजायचा, आजूबाजूच्या शांत पृष्ठभागाच्या सरासरीने त्याला भागायचे, की काम झाले, असे वाटत होते. प्रत्यक्षात या एका भागाकारामागे माझी जवळजवळ तीन वर्षे गेली. त्या काळात जे करावे लागले, जे चुकले आणि जे हळूहळू उलगडत गेले, ते सविस्तर लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

मला या विषयाकडे ओढले ते त्यातल्या मूळ कोड्याने. सौरडाग काळा दिसतो, कारण तिथले प्रबळ चुंबकीय क्षेत्र खालून उष्णता वर आणणारे अभिसरण रोखून धरते. हे बहुतेकांना ठाऊक असते. पण हजार ते दोन हजार गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) इतक्या प्रबळ क्षेत्राच्या आणि रुंदीने जेमतेम शंभर ते तीनशे किलोमीटर असलेल्या असंख्य रचना सूर्यावर सर्वत्र विखुरलेल्या आहेत, आणि त्या काळ्या नसून झळकणाऱ्या आहेत. अभिसरण तिथेही रोखलेलेच असते. मग आकार लहान झाल्याने काळ्याचे उजळ का व्हावे?

याचे उत्तर दाबाच्या हिशेबात आहे. यातली प्रत्येक लहान रचना म्हणजे चुंबकीय क्षेत्राची एक अरुंद, उभी नलिका असते, आणि चुंबकीय क्षेत्राला स्वतःचा दाब असतो. 1500 गॉसच्या क्षेत्राचा दाब सुमारे 9,000 पास्कल भरतो, तर सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाच्या पातळीवर बाहेरच्या वायूचा दाब सुमारे 12,000 पास्कल असतो. नलिकेच्या आतला वायूचा दाब आणि चुंबकीय दाब मिळून बाहेरच्या दाबाशी समतोल साधतात, त्यामुळे आतल्या वायूच्या वाट्याला फार थोडा दाब उरतो आणि तो विरळ होतो. विरळ वायू अधिक पारदर्शक असतो. म्हणून नलिकेत वरून पाहिले असता आपली नजर शेजारच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे शंभर ते दोनशे किलोमीटर खोल जाते आणि त्या खोलीवर नलिकेच्या भोवतालच्या भिंती चांगल्याच तप्त असतात. नलिका अरुंद असेल तर या भिंतींतून बाजूने आत शिरणारे प्रारण तिच्या मध्यापर्यंत पोहोचते आणि अभिसरण बंद पडल्याने झालेली तूट भरून काढते, किंबहुना त्याहून अधिक देते. नलिका रुंद झाली की ही उब मध्यापर्यंत पुरत नाही, आणि तीच रचना प्रथम छोटे काळे छिद्र व पुढे सौरडाग होते. हेंक स्प्रॉइट यांनी 1976 मध्ये हे गणित व्यवस्थित मांडले. ते पहिल्यांदा समजले त्या दिवशी मी कागदावर नलिकेचा उभा छेद पुन्हा पुन्हा काढून पाहिला होता. एखाद्या खोल विहिरीच्या तळापेक्षा तिचे काठच अधिक प्रकाश देतात, आणि विहीर जितकी अरुंद तितकी ती अधिक उजळ दिसते, ही कल्पनाच विलक्षण वाटली.

काम सुरू केले ते हिनोदे या अंतराळयानाच्या निरीक्षणांवर. सप्टेंबर 2006 मध्ये सोडलेल्या या यानावर 50 सेंटिमीटर व्यासाची सौर दुर्बीण आहे, आणि तिची निरीक्षणे कोणालाही अभ्यासासाठी खुली आहेत. वातावरणाच्या वर असल्यामुळे तिथे हवेची थरथर नाही, आणि ही गोष्ट तेज मोजणाऱ्याच्या दृष्टीने दुर्बिणीच्या व्यासाइतकीच मोलाची आहे, कारण थरथर क्षणाक्षणाला बदलते आणि तिचा परिणाम नंतर काढून टाकणे फार अवघड असते.

सुरुवातीला मी जी-बँड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, 430.5 नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रतिमा घेतल्या. या पट्ट्यात सीएच (कार्बन-हायड्रोजन) या रेणूच्या वर्णरेषांची, म्हणजे ठरावीक तरंगलांबींना प्रकाश शोषला गेल्याने पडणाऱ्या काळसर रेषांची, दाटी असते. नलिकेतल्या विरळ, तप्त वातावरणात हे रेणू मोठ्या प्रमाणात फुटतात, त्यांचे प्रकाशशोषण घटते आणि चुंबकीय रचना इतर रंगांपेक्षा येथे अधिक ठळक दिसतात. पहिली प्रतिमा पडद्यावर उघडली तेव्हा साधारण हजार किलोमीटर रुंदीच्या कणिकांची, म्हणजे खालून वर येणाऱ्या तप्त वायूच्या उजळ पुंजक्यांची, ती परिचित जाळी समोर आली, आणि कणिकांमधल्या काळसर फटींत, जणू कोणी बारीक टाचणीने भोके पाडून मागून दिवा धरावा, तसे ठिपके दिसले. मी उत्साहाने तेजाचा एक उंबरठा ठरवला, त्याच्या वरचे सगळे लहान ठिपके संगणकाकडून निवडून घेतले आणि त्यांच्या तेजाची सरासरी काढली. आठवड्याभरात आकडा हाती आला.

तो घेऊन मी माझ्या मार्गदर्शकांकडे गेले. त्यांनी आलेख शांतपणे पाहिला आणि एवढेच विचारले, ‘‘तू ठिपके निवडलेस कशावरून?’’ मी म्हटले, तेजावरून. ‘‘आणि मोजलेस काय?’’ पुढचे वाक्य त्यांना बोलावे लागले नाही. जे तेजस्वी आहे तेच निवडून ते तेजस्वी आहे असे मी सिद्ध केले होते. उंबरठा थोडा वर सरकवला असता तर माझा आकडाही वर सरकला असता. शिवाय ज्या चुंबकीय रचना फारशा झळकत नाहीत किंवा काळसर आहेत, त्या माझ्या यादीत आल्याच नव्हत्या. चुंबकीय रचनांचे तेज मोजायचे असेल तर त्यांची निवड चुंबकीय क्षेत्रावरूनच झाली पाहिजे, आणि निवडताना तेजाकडे पाहताच कामा नये. हा नियम आज मला अगदी स्वयंसिद्ध वाटतो. पण या विषयावरचे जुने निकाल वाचताना मी अजूनही सर्वांत आधी तेच शोधते की रचना कशाच्या आधारे निवडल्या होत्या, आणि दोन निकालांतल्या तफावतीचे कारण अनेकदा तिथेच सापडते.

म्हणून चुंबकीय नकाशा हवा. हिनोदेवरचा वर्णपट-ध्रुवणमापक, म्हणजे प्रकाशाचा वर्णपट आणि त्याचे ध्रुवण (प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा) एकत्र मोजणारे उपकरण, हा नकाशा एका चिरेच्या, म्हणजे अरुंद फटीच्या, मदतीने तयार करतो. चीर सूर्याच्या प्रतिमेवर एका जागी 4.8 सेकंद थांबते, तिथला वर्णपट नोंदवते आणि मग सुमारे 0.15 आर्कसेकंद पुढे सरकते. आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग; सूर्यावर एक आर्कसेकंद म्हणजे सुमारे 725 किलोमीटर. अशा रीतीने शंभर आर्कसेकंद रुंदीचा प्रदेश पुसून काढायला जवळपास 53 मिनिटे लागतात. मी या नकाशावर जी-बँडची एक प्रतिमा बसवायला गेले आणि दोन महिने त्यातच अडकले. नकाशाच्या डाव्या कडेला दोन्ही नीट जुळत, उजव्या कडेला अजिबात जुळत नसत. कारण उघड होते, पण मला उशिरा उमगले. कणिकेचे आयुष्य आठ-दहा मिनिटांचे असते. चीर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत कणिकांच्या पाच-सहा पिढ्या होऊन गेलेल्या असतात. तेजस्वी ठिपकेही जागचे हलत असतात. सेकंदाला एक-दोन किलोमीटर वेगाने गेलेला ठिपका पाच मिनिटांत स्वतःच्या रुंदीहून अधिक अंतर कापतो. अशा स्थितीत एका जागचे क्षेत्र आणि दुसऱ्याच क्षणीचे तेज यांची जोडी लावली जाते. ठिपका जिथून हलला तिथे आता काळसर फट असते, आणि नकाशा मात्र सांगतो की तिथे प्रबळ क्षेत्र आहे. म्हणजे क्षेत्र प्रबळ आणि तेज कमी, असा पूर्णपणे खोटा निष्कर्ष निघतो. प्रत्येक चिरेसाठी तिच्या वेळेला सर्वांत जवळची प्रतिमा शोधून पट्ट्या जोडण्याचा खटाटोपही मी केला, पण एखाद्या पिक्सेलची चूक राहतेच, आणि इथे एक पिक्सेल म्हणजे ठिपक्याचा अर्धा भाग.

शेवटी जी-बँड बाजूला ठेवला. तो निर्णय घेताना वाईट वाटले, कारण त्या प्रतिमा अतिशय देखण्या असतात. पण ध्रुवणमापकाच्या वर्णपटातच तेजही असते. वर्णरेषांच्या बाजूचा जो मोकळा भाग, त्यातून त्या जागेचे तेज मिळते आणि रेषांतून क्षेत्र मिळते. दोन्ही एकाच क्षणाची, एकाच चिरेतली, एकाच पिक्सेलची. जुळवणीचा प्रश्नच संपतो.

क्षेत्र मोजण्याची रीत थोडी सांगायला हवी, कारण पुढची बरीचशी गुंतागुंत तिच्यातून येते. लोहाच्या 630.15 आणि 630.25 नॅनोमीटरच्या दोन रेषा यासाठी वापरतात. चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा फाटते, हा झीमान परिणाम, आणि याच परिणामावरून जॉर्ज एलरी हेल यांनी 1908 मध्ये सौरडागांतले चुंबकीय क्षेत्र ओळखले. 630.25 च्या रेषेचे घटक हजार गॉसच्या क्षेत्रात मध्यापासून सुमारे 4.6 पिकोमीटर बाजूला सरकतात. उपकरणाचा एक पिक्सेल सुमारे 2.15 पिकोमीटरचा आहे, म्हणजे हे सरकणे अवघ्या दोन पिक्सेलांचे, आणि रेषेची स्वतःची रुंदी त्याहून बरीच अधिक. डोळ्यांना फाटलेली रेषा दिसत नाही. फाटलेल्या दोन बाजूंचे वर्तुळाकार ध्रुवण मात्र परस्परविरुद्ध असते, आणि ते मोजून क्षेत्राचा पत्ता लागतो. पण यातून मिळतो तो पिक्सेलभरचा सरासरी आकडा. 1500 गॉसची नलिका पिक्सेलचा अर्धाच भाग व्यापत असेल, तर नकाशात 750 गॉसच्या आसपास काहीतरी उमटते. आलेखाच्या आडव्या अक्षावर ‘क्षेत्र’ असे लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात तो अक्ष बऱ्याच अंशी पिक्सेलचा किती भाग नलिकेने भरला आहे हेच सांगत असतो. ही बाब मला एका जुन्या शोधनिबंधाच्या तळटीपेसारख्या वाक्यातून समजली, आणि ती समजल्यावर मी आधी काढलेले सगळे आलेख पुन्हा नव्या नजरेने पाहिले.

बिंबाच्या मध्याजवळचे शांत प्रदेशाचे नकाशे निवडून प्रत्येक पिक्सेलचे क्षेत्र आडव्या आणि तेज उभ्या अक्षावर मांडले, तेव्हा लाखो बिंदूंचा ढग तयार झाला. त्यातून सरासरी काढल्यावर जी वक्ररेषा आली तिचा आकार मासे पकडण्याच्या गळासारखा होता. क्षेत्र शून्यापासून वाढू लागले की तेज प्रथम घटते, सरासरीच्या खाली जाते, मग वळते, चढू लागते, पुन्हा सरासरी ओलांडते आणि सुमारे 700 गॉसपाशी शिखर गाठून परत उतरते. हिनोदेच्या निरीक्षणांवरून असेच शिखर आधी प्रसिद्ध झालेले होते, त्यामुळे माझी प्रक्रिया बरोबर चालली आहे याचा दिलासा मिळाला.

सुरुवातीची उतरण समजायला सोपी आहे. कणिकांतून वर येणारा वायू पृष्ठभागावर पसरतो आणि फटींतून खाली जातो. जाताना दुबळे क्षेत्र फटींत वाहून नेतो. त्यामुळे थोडेफार क्षेत्र असलेली जागा ही बहुधा फट असते, आणि फट काळसर असते. चढणही समजण्यासारखी आहे, कारण क्षेत्र एकवटून नलिका बनते आणि झळकू लागते. माझे मन अडले ते 700 गॉसच्या पुढच्या उतरणीपाशी. एकीकडे सिद्धान्त सांगत होता की लहान नलिका उजळ असाव्यात. दुसरीकडे सर्वांत प्रबळ क्षेत्राचे पिक्सेल पुन्हा मंदावत होते. मोठी काळी छिद्रे हे त्याचे एक कारण असू शकले असते. म्हणून मी ती आकारावरून आणि काळेपणावरून ओळखून, त्यांच्या भोवतालच्या पट्ट्यासह वगळली. उतरण कमी झाली, पण गेली नाही. त्या वेळच्या वहीत मी काही एकाकी, अगदी लहान पण प्रबळ क्षेत्राच्या जागांपुढे ‘काळी रचना, वगळणे’ अशी खूण केली होती. त्या खुणांकडे पुढे परत यावे लागले.

इथून कामाचा सर्वांत अवघड आणि मला सर्वांत प्रिय असलेला भाग सुरू झाला, तो म्हणजे धूसरपणा. 50 सेंटिमीटर व्यासाची निर्दोष दुर्बीणसुद्धा 630 नॅनोमीटरच्या प्रकाशात एका बिंदूचा सुमारे 0.3 आर्कसेकंदाचा, म्हणजे सूर्यावर 230 किलोमीटरचा ठिपका करते. मोजायची रचना त्याहून लहान. शिवाय प्रत्येक दुर्बिणीत थोडा भटका प्रकाश असतो, जो दूरदूरवर पसरतो. यात महत्त्वाची गोष्ट अशी की हे ठिपके नेहमी काळसर फटींत उभे असतात. धूसरपणामुळे ठिपक्याचा प्रकाश फटीत सांडतो आणि फटीचा काळोख ठिपक्यात मिसळतो. ठिपका उजळ कणिकेच्या मधोमध असता तर हीच धूसरता त्याला इतकी मारक ठरली नसती. आपण ठिपक्याचे तेज मोजतो असे म्हणतो तेव्हा, त्याचा शेजार वगळला नाही तर, प्रत्यक्षात ठिपका आणि त्याचा शेजार या दोघांचे मिळून तेज मोजत असतो.

दुर्बीण किती धूसर करते हे ठरवायला ज्याचे खरे रूप आपल्याला आधीच ठाऊक आहे अशी वस्तू हवी. 8 नोव्हेंबर 2006 रोजी बुध ग्रह सूर्यबिंबावरून गेला आणि हिनोदेने तो टिपला. बुधाची आपल्याकडची बाजू त्या वेळी पूर्ण काळोखी असते. तिथून एकही प्रकाशकण येण्याचे कारण नाही. तरीही प्रतिमेतल्या त्या काळ्या चकतीच्या आत प्रकाश नोंदला जातो. तो सारा दुर्बिणीने आणून टाकलेला. चकतीच्या कडेपासून आत जाताना तो कसा कमी होत जातो, यावरून बिंदूचा प्रकाश किती आणि कुठवर पसरतो याचे फलन, म्हणजे गणिती सूत्र, मांडता येते. त्या प्रतिमा मी कितीतरी वेळा पाहिल्या असतील. एका ग्रहाची सावली एका दुर्बिणीचा दोष मोजून देते, हे मला या सबंध कामातले सर्वांत सुंदर पाऊल वाटते.

हे फलन हाती आले की गणिताने धूसरपणा उलटा फिरवता येतो. मी रिचर्डसन आणि ल्यूसी यांची, अनुक्रमे 1972 आणि 1974 मध्ये मांडलेली, फेऱ्याफेऱ्यांनी प्रतिमा सुधारत नेणारी पद्धत वापरली. पहिल्या काही फेऱ्यांत फटी गडद झाल्या, ठिपके उभारून आले, आणि मी फेऱ्या वाढवत गेले. तिथे चूक झाली. प्रत्येक फेरीबरोबर खरा तपशील वाढतो तसा मोजमापातला गोंगाटही वाढतो, आणि एका मर्यादेनंतर पद्धत गोंगाटालाच तपशील समजून उठाव देऊ लागते. माझ्या प्रतिमांत प्रत्येक ठिपक्याभोवती एक काळे कडे उमटू लागले. ठिपक्यांच्या शेजारी काळसर फट असणे अपेक्षितच असल्यामुळे ही कडी मला खरी वाटली, इतकी की त्यांच्यावर मी काही पाने लिहूनही काढली. मार्गदर्शकांनी ती वाचून मला एकच काम सांगितले, ‘‘उत्तर ठाऊक असलेल्या प्रतिमेवर हेच करून बघ.’’

उत्तर ठाऊक असलेली प्रतिमा म्हणजे संगणकावर घडवलेला सूर्य. प्रारण, वायूचा प्रवाह आणि चुंबकीय क्षेत्र यांची समीकरणे एकत्र सोडवून पृष्ठभागाचा एक तुकडा पायरीपायरीने पुढे नेणाऱ्या प्रणाली आहेत. त्यातली म्युरॅम ही या क्षेत्रात फार वापरली जाते. तिच्यात 630 नॅनोमीटरला कणिकांच्या तेजातला चढउतार सरासरीच्या सुमारे 14 टक्के येतो, तर हिनोदेच्या वर्णपटांत तो 7 टक्क्यांच्या आसपास मोजला गेला आहे. त्या कृत्रिम सूर्याला हिनोदेच्या धूसरतेतून नेले की तोही त्या 7 टक्क्यांच्या जवळ येतो. म्हणजे तफावत मुख्यतः दुर्बिणीची आहे, सूर्याची नव्हे. मी त्या कृत्रिम सूर्याला आधी धूसर केले, हिनोदेइतकाच गोंगाट मिसळला आणि मग माझी पद्धत चालवली. मूळ प्रतिमेत नसलेली काळी कडी इथेही उमटली. ती पाने बाजूला ठेवली आणि फेऱ्या कुठे थांबवायच्या हे आता या तुलनेवरून ठरवले: ज्या फेरीला दुरुस्त केलेली प्रतिमा मूळ कृत्रिम प्रतिमेच्या सर्वांत जवळ येते, तीच मर्यादा खऱ्या निरीक्षणांसाठी धरायची. ध्रुवणाच्या प्रतिमांत मूळ संकेतच क्षीण, आणि त्यातला गोंगाट तेजाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका असल्यामुळे तिथे ही मर्यादा अधिकच काटेकोरपणे पाळावी लागली.

या दुरुस्तीनंतर काढलेली वक्ररेषा मला अजूनही आठवते. गळाचा आकार तसाच होता, उलट सुरुवातीचा खळगा अधिक खोल झाला, कारण फटी आता खऱ्याइतक्या काळ्या दिसत होत्या. पण 700 गॉसपुढची उतरण जवळजवळ नाहीशी झाली होती. तेज चढत जाऊन एका पातळीवर स्थिरावत होते. कृत्रिम सूर्यावरही अगदी हेच घडत होते: धूसर करण्याआधी रेषा स्थिरावते, धूसर केल्यावर तिला शिखर येते आणि मग ती उतरते. सनराइज या फुग्यावरच्या दुर्बिणीच्या निरीक्षणांतूनही प्रबळ क्षेत्राकडे असेच स्थिरावणे दिसले होते. जून 2009 आणि जून 2013 मध्ये स्वीडनच्या उत्तरेकडील किरुनाजवळून सोडलेली ही दुर्बीण एक मीटर व्यासाची होती आणि वातावरणाचा बहुतेक भाग तिच्या खाली राहत असल्याने तिला अतिनील प्रकाशही मिळत होता. त्या प्रकाशात, 214 नॅनोमीटरला, तिने काही ठिपके शांत पृष्ठभागाच्या सरासरीच्या पाचपटीपर्यंत तेजस्वी मोजले. तापमानातल्या लहानशा फरकाने लहान तरंगलांबीचा प्रकाश फार अधिक बदलतो, त्यामुळे हे अपेक्षित दिशेचेच होते. तरी तो आकडा वाचून मी काही क्षण थबकले होते. दृश्य प्रकाशातली माझी सगळी धडपड काही टक्क्यांच्या फरकांसाठी चालली होती.

बिंबाच्या कडेकडे जाण्याचा प्रयत्नही केला, त्याबद्दल थोडक्यात लिहिते. तिरक्या नजरेने पाहिले असता नलिकेच्या पारदर्शक वायूतून पलीकडच्या कणिकेची तप्त भिंत समोरासमोर दिसते, म्हणून तेज वाढते. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या काळापासून कडेजवळ दिसत आलेले फॅक्युला नावाचे उजळ पट्टे म्हणजे याच भिंती. पण तिथे नलिकेचे क्षेत्र आपल्या नजरेच्या दिशेला जवळजवळ आडवे येते, वर्तुळाकार ध्रुवण क्षीण होते, आणि उजळ भिंत व चुंबकीय पिक्सेल एकमेकांच्या शेजारी पडतात, एकावर एक नव्हे. पिक्सेलनिहाय तुलना करण्याची माझी रीतच तिथे लागू पडत नाही. तो भाग मी अपुराच सोडला.

‘शांत पृष्ठभागाची सरासरी’ या शब्दांनीही शेवटी बराच वेळ घेतला. सक्रिय प्रदेशांत नलिकांची इतकी दाटी असते की त्या आजूबाजूच्या कणिकांचे अभिसरणही मंदावतात. त्यामुळे तिथली वक्ररेषा शांत प्रदेशापेक्षा एकूणच खाली राहते. भागाकारातला छेद त्या प्रदेशातलाच घ्यायचा की दूरच्या शांत प्रदेशातला, यावर अंश तोच राहूनही उत्तर बदलते. मी दोन्ही घेतले आणि दोन्ही वेगवेगळे नोंदवले, कारण हे दोन निराळे प्रश्न आहेत: पहिला नलिकेच्या रचनेबद्दल आहे, तर दुसरा सूर्य एकूण किती प्रकाश देतो याबद्दल. दुसऱ्याचे महत्त्व पृथ्वीपर्यंत पोहोचते. उपग्रहांवरून 1978 पासून सूर्याचे एकूण प्रारण मोजले जात आहे. ते प्रत्येक चौरस मीटरला सुमारे 1361 वॅट असते आणि सुमारे 11 वर्षांच्या चक्रात साधारण 0.1 टक्क्याने बदलते. डाग सर्वाधिक असतात त्या काळात सूर्य किंचित अधिक तेजस्वी असतो, कारण डागांनी केलेली तूट हे लहान ठिपके आणि त्यांचे समूह मिळून भरून काढतात आणि वर थोडी भर घालतात. इतक्या बारीक शिलकीचा हिशेब लावायचा, तर ठिपक्यांच्या तेजात धूसरतेने केलेली चूक चालत नाही. मात्र एकूण बेरजेपुरते पाहिले तर धूसरता प्रकाश फक्त इकडचा तिकडे करते, नाहीसा करत नाही. म्हणून मोठ्या क्षेत्रफळावरची सरासरी दुरुस्तीआधी आणि दुरुस्तीनंतर जवळजवळ तीच राहिली पाहिजे. माझ्या नकाशांत ती तशी राहिली, आणि माझ्या दुरुस्तीवरचा माझा विश्वास खऱ्या अर्थाने त्या दिवशी बसला.

काम संपवताना मी पहिल्या वर्षीची वही पुन्हा उघडली आणि ‘काळी रचना, वगळणे’ अशी खूण केलेल्या जागा एकेक करून दुरुस्त नकाशात शोधल्या. काही खरोखर लहान काळी छिद्रे निघाली. पण बऱ्याच जागी, मूळ नकाशात सरासरीहून किंचित मंद दिसणाऱ्या पिक्सेलाच्या ठिकाणी, गडद फटीने दोन्ही बाजूंनी वेढलेला एक अरुंद, स्पष्ट उजळ ठिपका होता. वहीतल्या त्या खुणांवर रेघ मारली, ठिपक्यांचे क्रमांक यादीत परत घातले आणि सरासरी पुन्हा काढायला घेतली.